‘चालती’ आणि ‘चालतंय’

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं भिंतीवरचा मोठा पडदा हिरवा असला की सगळे खूश. सर्व्हरची तब्येत बरी आहे म्हणून नव्हे, तर आज मी कुणावर ओरडणार नाही म्हणून.

शहरात, गारखेड्यात एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. दुसऱ्यांच्या वेबसाईट सांभाळायच्या, हा आमचा धंदा. शाळा, मंगल कार्यालयं, पतसंस्था, एक मोठं बियाण्यांचं दुकान. या साईट ज्या कॉम्प्युटरवर राहतात तो सर्व्हर, आणि तो पळतोय की रखडतोय हे मोजत बसायचं काम माझ्याकडं. पडद्यावर प्रत्येक साईटची एक रेघ असते. रेघ खाली आणि हिरवी असली म्हणजे पान झटकन उघडतंय. रेघ वर चढून लाल झाली म्हणजे कुठंतरी कुणीतरी फोन हातात धरून आमच्या नावानं बोटं मोडतंय.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर भाई बसतात. वायरी, मशीन, इंटरनेटची लाईन, सगळं त्यांच्याकडं. ते शहागंजात वाढलेले. मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात बोलतात, पण टेन्शन आलं की दखनी हिंदीत शिरतात. रेघ लाल झाली की मी खुर्चीतून उठणार आणि ते म्हणणार, "ताई, पहले पानी पियो. सर्व्हर कहीं भागके नै जाता." मी पाणी प्यायचे आणि मग ओरडायचे.

हे काम नातेवाइकांना समजावून सांगणं म्हणजे एक शिक्षाच. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी सांगायचे, "सर्व्हरची नाडी बघते." त्यावर माझी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "म्हणजे वैद्यच झालीस की गं! मग माझी पण बघ एकदा." ती असंच बोलते. सोयगावला राहते, तिकडच्याच शाळेत तिनं जन्मभर मराठी शिकवलं. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझ्यावर तिचा जीव, आणि माझा तिच्यावर. आमच्या घरात माझ्यापेक्षा तापट माणूस शोधायचं झालं तर तिच्याकडंच जावं लागेल.

तर या आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्यात अगदी पिकलेला, दुसऱ्यात सुरुवात. गावात नेत्रतपासणीचं शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "बाई, आता लांबवू नका. फार पिकला तर काढायला अवघड जाईल, आणि मग नजर किती परत येईल ते मी सांगू शकणार नाही." आत्यानं ते मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, बाईंच्या आवाजाची नक्कल करून. मी हसले. पण वाचन सुटलं तर आत्या कशाच्या आधारानं राहील हे मला सुचेना. सकाळचा पेपर ती जाहिरातींसकट वाचते.

शिबिर घेणारा तो दवाखाना शहरातला, एका धर्मादाय ट्रस्टचा, आणि त्याची वेबसाईट आमच्याकडं. ही साईट माझी सगळ्यात लाडकी. तिच्या आधी ऑपरेशनचा नंबर लावायला लांबलांबची माणसं आदल्या दिवशीच यायची आणि दवाखान्याच्या ओट्यावर अंथरूण टाकायची. म्हातारी माणसं, डोळ्यानं अधू. मग आम्ही सोय केली. शिबिरात नाव नोंदवायचं, आणि दर सोमवारी सकाळी आठ वाजता फोनवर साईट उघडून त्या आठवड्याचं टोकन घ्यायचं. टोकन मोजकीच असायची, भराभर संपायची, पण निदान ओट्यावर झोपणं तरी वाचलं. कसलंही काम करताना आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटायला हवं असेल, तर मला या साईटकडं बघून वाटायचं.

म्हणूनच मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचे. पडद्यावरच्या रेघेवर माझं भागायचं नाही. शिबिरात नावं दिलेल्यांची यादी दवाखान्यानं दिली होती. सोमवारी दुपारी त्यातल्या काही जणांना मी स्वतः फोन लावायचे.

"नमस्कार, मी दवाखान्याच्या वेबसाईटकडून बोलतीय. साईट चालते का नीट?"

"चालतंय की म्याडम."

"काही अडचण?"

"नाय नाय. चालतंय."

सिल्लोडकडचे असोत, वैजापूरचे असोत, सगळ्यांचं उत्तर एकच. करमाडचे एक आजोबा तर मला उलट विचारायचे, "तुमचं कसं चाललंय?" इतकी गोड माणसं. मी फोन ठेवायचे आणि भाईंना सांगायचे, "चालतंय म्हणतात." भाई म्हणायचे, "चालणारच! मशीन कोणी लावलीय?"

इकडं आत्याला मात्र टोकन मिळेना. एक सोमवार गेला, दुसरा गेला, मग मी विचारायचं आणि तिनं उडवून लावायचं असं सुरू झालं.

"आत्या, आठच्या आधी बसत जा गं फोन घेऊन."

"पावणेआठपासून देवासमोर बसावं तशी बसलेली असते मी. तू मला शिकवू नकोस."

"मग मिळत कसं नाही?"

"नसेल नशिबात या आठवड्यात. पुढच्या सोमवारी बघू. चालतंय."

मी पडदा बघितला. सोमवारी सकाळच्या आठच्या पुढं-मागं रेघ किंचित उचलली जायची आणि पुन्हा खाली, सगळं हिरवंगार. पान उघडायला लागणाऱ्या वेळाची सरासरी इतकी सुंदर होती की मालकांनी ती दवाखान्याच्या मीटिंगमध्ये मोठी करून दाखवली होती.

शेवटी माझं डोकं फिरलं. शनिवारी आत्याशी बोलताना मागून शेजारीण म्हणाली, "बाई, चहा खाली सांडतोय!" आणि आत्यानं फोन घाईघाईनं ठेवला. कपाची कड दिसत नव्हती तिला. रविवारी मी सोयगावची गाडी पकडली. अजिंठ्याचा घाट उतरला की फोनची रेंज हात सोडून देते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणजे लहानपणी फोन नव्हते, पण तेव्हापासून त्या बाजूला सगळंच उशिरा पोचतं.

सोमवारी सकाळी आत्या उंबऱ्यावर बसली. आतल्या खोल्यांत रेंज येत नाही, उंबऱ्यावर थोडी येते. मांडीवर तुरीच्या डाळीचं ताट, डाळ बोटांनी चाचपून निवडत होती, आणि शेजारी पाटावर फोन. आठ वाजले. तिनं फोन नाकाला टेकवून साईट उघडली.

आधी पांढरं पान आलं. मग बराच वेळ काही नाही. मग वरून हळूहळू एक केशरी पट्टी उतरली. मला कळेना हे काय. पट्टी जराशी खाली सरकली तेव्हा ओळखलं, फेटा! दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष, सत्काराच्या फोटोतले. टोकनच्या पानावर डोक्याशी त्यांचे सत्काराचे फोटो एकामागून एक सरकायचे. ऑफिसात ते इतके पटकन यायचे की मी त्यांच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. इथं मात्र फेट्यानंतर कपाळ आलं. कपाळानंतर एक भुवई आली. आत्या डाळ निवडत होती. दुसरी भुवई आली, डोळे आले, आणि मग पान एकदम कोरं झालं. खाली ओळ उमटली: वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा.

"आलं का टोकन?" आत्यानं विचारलं. तिला ती ओळ वाचता आली नव्हती.

मी तिथूनच भाईंना फोन लावला. "भाई, पडद्यावर काय दिसतंय?"

"एकदम हरा, ताई. मक्खन!"

"भाई, इथं मक्खन नाही, ताक सुद्धा नाही! अध्यक्षांच्या भुवया बघत बसलोय आम्ही!"

फोन ठेवून मी जी सुरू झाले ती सुरूच झाले. आत्यावर, साईटवर, अध्यक्षांवर, घाटावर. "इतके दिवस तू मला चालतंय, चालतंय काय म्हणत होतीस? हे चालतंय? आणि तूच नाही, मी एवढ्या लोकांना फोन करकरून विचारलं, सगळे म्हणाले चालतंय! एकानं तरी खरं बोलावं की नाही?"

आत्यानं ताट बाजूला ठेवलं. "तू नेमकं काय विचारलंस त्यांना?"

"साईट चालते का."

"साईट ती का ते?"

"म्हणजे?"

"स्त्रीलिंगी का नपुंसकलिंगी?"

"आत्या, ही काय व्याकरणाची वेळ आहे का?"

"उत्तर दे."

"ती. ती साईट."

"मग त्यांना चालत असती तर ते काय म्हणाले असते? साईट चालती. चालती की म्याडम. बरोबर? आपल्याकडं अडाणी माणूससुद्धा लिंग चुकत नाही. म्हैस चालतंय म्हणतं का कुणी? ते म्हणाले ‘चालतंय’. म्हणजे साईटीबद्दल बोललेच नाहीत ते. असू दे, भागतंय आमचं, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, असं म्हणाले. एवढ्या लांबून कुणी आपुलकीनं फोन केलाय, तिला कशाला दुखवा?" आणि मग माझ्या हाताला चाचपडत हात लावून म्हणाली, "अगं, ते तुला माहिती देत नव्हते. तुझी समजूत काढत होते."

रोज बोलतो तो शब्द, आईच्या पोटातून शिकून आलेला, आणि मी तो दर सोमवारी चुकीचा ऐकत होते. ती सगळी माणसं टोकन न मिळता बसलेली होती आणि मलाच धीर देत होती. त्या करमाडच्या आजोबांना तरी नक्की मिळालं असेल, शेजारच्या शेंद्र्याच्या कारखान्यांमुळं तिकडं टॉवर धडधाकट आहेत, असं मी मनाशी म्हणत राहिले. पण तेही मला माहीत नव्हतं.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. "थांब. मी शहरातल्या आमच्या मशीनवर शिरते आणि तुझं नाव आत्ताच्या आत्ता टाकते."

"कुठून शिरतेस?"

"मागच्या दारानं. मला येतं ते."

"म्हणजे वशिला."

"आत्या, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्यात ते विसरलीस का? डोळा आहे तो!"

"माझा डोळा आहे आणि मला चांगलं लक्षात आहे." आता तिचाही पारा चढला. "जन्मभर एकाला बिनालाइनीचं पुढं सोडलं नाही मी. तुझ्यासारख्या भाच्या नसलेली माणसं आहेत ना त्या यादीत? त्यांचं काय? त्यांच्या भुवया अडकूनच राहू देत?"

"मग दुसरीकडं करू. खासगीत करू. मी करते."

"मला त्याच बाईंच्या हातून करायचंय, आणि माझ्या नंबरानं. तुला एवढं येतं ना? मग साईट चालती कर. सगळ्यांची."

जेवणापर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. जेवताना तिनं माझ्या ताटात न मागता भाकरी वाढली, ती ताटाच्या बाहेर पडली, आणि मला रडू कोसळलं. तिला वाटलं ठेच्यानं.

परत आल्यावर भाईंना सगळं सांगितलं. व्याकरणापर्यंत आले तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, "ताई, हमारे में भी वोइच है. ‘चलता है’ बोले तो ‘जाने दो’." खुर्ची माझ्याकडं वळवून म्हणाले, "अम्मीला गुडघ्याच्या औषधाचं विचारलं की ती पण हेच म्हणते. चलता है बेटा." आणि खिशातून फोन काढून बाहेर गॅलरीत गेले. बराच वेळ आले नाहीत.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. आमचा हिरवा रंग खोटा नव्हता, ही त्यातली गंमत. आमचं मोजमाप अचूक होतं, फक्त ते घरच्या घरी होतं. मोजणारं यंत्र सर्व्हरच्याच खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहून जेवण वेळेवर झालं म्हणायचं आणि पंगतीत पानं रिकामी. शिवाय सरासरी आम्ही काढत होतो ती ज्यांच्यापर्यंत पान पोचलं त्यांची. जे मधेच तुटले, त्यांच्या नोंदी मशीन वेगळीकडं टाकत होती आणि तिकडं कुणी फिरकत नव्हतं. जो पोचलाच नाही तो सरासरीत येणार कुठून? आणि ती ‘वेळ संपली’ची अट आमचीच होती. दलालांनी टोकन अडवून ठेवू नयेत म्हणून आम्ही फॉर्म भरायला थोडाच वेळ दिला होता. दलाल शहरात राहतात, त्यांचा फोन जोरात पळतो. अट लागली ती सोयगावला.

भाईंनी एक जुना फोन घेतला, त्यात एक छोटा प्रोग्रॅम बसवला. त्यानं दिवसभर थोड्या थोड्या वेळानं टोकनचं पान उघडायचं आणि शेवटचं अक्षर दिसेपर्यंत किती वेळ गेला ते आम्हाला कळवायचं. तो फोन मी नेऊन आत्याच्या उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवला. आत्यानं त्याचं नाव ठेवलं पाहुणा. "तुमचा पाहुणा चार्जिंगला लावलाय," असा रोज फोन यायचा. एकदा काळजीनं म्हणाली, "गरम लागतोय गं अंगाला." मी म्हणलं, "आत्या, त्याला ताप नाही, तो काम करतोय." तर म्हणाली, "मग दुपारी जरा सोडत जा त्याला."

पाहुण्याची रेघ पडद्यावर पहिल्यांदा आली तेव्हा सगळं ऑफिस पडद्यासमोर जमलं. बाकी सगळ्या हिरव्या रेघा खाली, आणि ही एकटी लालभडक, पार वरच्या कडेला. मालक म्हणाले, "यंत्र बिघडलंय का?" मी म्हणलं, "नाही. पहिल्यांदाच बरोबर चालतंय." यंत्र नपुंसकलिंगी, त्यामुळं मला म्हणायचा हक्क होता.

पान हलकं करणं सोपं होतं. अवघड होतं ते अध्यक्षांचे फोटो काढणं. दवाखान्याचे मॅनेजर फोनवर कुजबुजले, "मॅडम, बाकी काय पण काढा. साहेबांना कसं सांगणार? देणगी त्यांच्यामुळं येती." मी म्हणलं, "मी सांगते ना. पाठवा त्यांना."

अध्यक्ष आले. भला माणूस, स्वच्छ धोतर, झुपकेदार मिशा, येताना सगळ्यांसाठी पेढे. भाईंनी त्यांच्या हातात एक फोन दिला. त्याचा वेग मुद्दाम पाहुण्याइतका करून ठेवला होता. मी म्हणलं, "साहेब, तुम्ही आता सोयगावचे पेशंट. टोकन घ्या." ते कौतुकानं बघायला लागले. फेटा आला, ते हसले. कपाळ आलं. त्यांनी चष्मा सरळ केला. भुवया येईपर्यंत त्यांनी एक पेढा खाल्ला. मग पान कोरं झालं.

"हे काय? मी कुठं गेलो?"

"साहेब, सोयगावात तुमच्या मिशा आजवर एकदाही पोचलेल्या नाहीत," मी म्हणलं. भाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी थांबले नाही. "आणि त्या मिशांच्या खाली टोकनचं बटण आहे. माझी सख्खी आत्या तिकडं डोळा घेऊन बसलीय. तिच्यासारखी किती जणं ते मला माहीत नाही, कारण ती सगळी मला ‘चालतंय’ म्हणतात."

ते नाराज झाले, अगदी उघड नाराज झाले. पेढ्यांचा डबा बंद केला. जिन्यापर्यंत गेले आणि तिथून परत वळले. "दुसऱ्या कुठल्या पानावर ठेवता येतील का फोटो?"

"येतील की! खास पान करू तुमच्यासाठी."

"मग काढा इथले. डोळ्याच्या दवाखान्यात डोळ्याला आडवा येणारा मी कोण?" असं म्हणून डबा पुन्हा उघडला. मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली, पण आपल्याकडं तसं काही करत नाहीत. मी दोन पेढे घेतले.

टोकनच्या पानावर आता नुसती अक्षरं राहिली. नाव, नोंदणी क्रमांक, आणि एक मोठं बटण. पान अर्धं उघडलं तरी रांगेतली जागा पक्की, मग फोन कितीही रखडो. पाहुण्याची रेघ हळूहळू उतरली, एक दिवस हिरवी झाली, आणि भाईंनी खालच्या टपरीवरून सगळ्यांना चहा मागवला. मी फोनवर विचारायचा प्रश्नही बदलला. ‘चालते का’ विचारणं बंद. आता मी विचारायचे, "बटण दाबल्यापासून टोकन येईपर्यंत तुम्ही काय काय केलंत?" मग माणसं खरं सांगायची. एक काकू म्हणाल्या, "आधी अर्ध्या भाकरी व्हायच्या, या येळी तवाबी तापला नाय."

नव्या पानाच्या पहिल्या सोमवारी मी आत्याला फोन केला नाही. करायचा नाही असं ठरवून, हात बांधून पडद्यासमोर बसले. आठ वाजले. सगळ्या रेघा किंचित उचलल्या आणि खाली बसल्या. त्या रेघांमध्ये ती कुठं आहे, आहे की नाही, मला दिसणार नव्हतं. मागच्या दारानं बघता आलं असतं. मी बघितलं नाही. भाईंनी न सांगता पाणी आणून ठेवलं.

फोन वाजला.

"चालती!" आत्या ओरडली. "मिळालं गं! माझ्या नंबरानं!"

मी टेबलावर डोकं ठेवून रडले, सगळ्या ऑफिससमोर. लाज वगैरे काही वाटली नाही.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या वेळेवर आलात, आणखी थांबला असता तर मी हमी दिली नसती. आत्या आठवडाभर माझ्याकडं काळा चष्मा लावून राहिली, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, आणि मी कितीही अडवलं तरी घाट उतरून आपल्या घरी गेली.

मग एका सकाळी, मी नुकती खुर्चीत बसले होते, तिचा फोन. आवाज शाळेतला.

"तुमच्या त्या टोकनच्या पानावर सगळ्यात वर काय लिहिलंय?"

"नेत्रशस्त्रक्रिया नोंदणी. का गं?"

"तसं लिहिलेलं नाही. ‘शस्र’ लिहिलंय. त खाल्लाय तुम्ही. त कुठं गेला?"

मी पान उघडलं. खरंच नव्हता.

"कधीपासून असं आहे हे?"

"पहिल्यापासूनच असणार, आत्या."

"आणि तू हे पान रोज बघत होतीस?"

"रोज."

"मग तुला दिसलं कसं नाही?"

पान किती वेळात येतं ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यावर काय लिहिलंय ते मी कधी वाचलंच नव्हतं. पण मला इतकं बरं वाटत होतं की मी हसत सुटले.

"हसू नकोस. दुरुस्त कर. मी फोन धरून थांबलेय."

मी दुरुस्त केलं.

"आता मोठ्यानं वाच."

मी उठून उभी राहिले. भाई बघत होते, मालक केबिनमधून डोकावले. मी खणखणीत आवाजात वाचलं, "नेत्रशस्त्रक्रिया नोंदणी."

"हं," आत्या म्हणाली. "बस खाली. बाकीचं मी वाचतीय."